महूचा सार्जंट-मेजर आणि होळकरांचा कर्नल

१९४५ सालच्या मार्च महिन्यात मुंबईच्या ब्रेबोर्न क्रीडांगणावर रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूस मुंबई आणि दुसऱ्या बाजूस इंदूरचा होळकर संघ. मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या, त्यास होळकरांनी ३६० धावांचे उत्तर दिले. दुसऱ्या डावात मात्र मुंबईकरांनी धावांचा डोंगरच रचला. विजय मर्चंट यांनी एकट्याने २७८ धावा काढल्या आणि डाव संपला तेव्हा फलकावर ७६४ हा आकडा झळकत होता. म्हणजे होळकरांना सामना जिंकावयाचा तर ८६७ धावा हव्या होत्या! असली मागणी ऐकून कोणत्याही संघाने मनातल्या मनात सामान बांधावयास घ्यावे. परंतु त्या दिवशी होळकरांच्या बाजूने एक गोरा गडी मैदानात उतरला आणि सहकारी एकामागून एक तंबूत परतत असता अखेरपर्यंत उभा राहिला. सारा संघ ४९२ धावांत बाद झाला, सामना ३७४ धावांनी गेला. पण तो गडी २४९ धावांवर नाबाद होता. दोन्ही संघांच्या मिळून या सामन्यात २,०७८ धावा झाल्या.

हा गडी म्हणजे डेनिस कॉम्प्टन. इंदूरहून सुमारे चौदा मैलांवर असलेल्या महूच्या छावणीत ते सार्जंट-मेजर होते व सैनिकांना शारीरिक शिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे होते. लष्करी गणवेश उतरविला की त्यांचा खरा व्यवसाय एकच, खेळणे. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात फुटबॉल. इंग्लंडच्या भाषेत ते ‘प्रोफेशनल’ होते. मराठीत या शब्दास ‘धंदेवाईक’ असा प्रतिशब्द रूढ झाला आणि तो उच्चारताना आपणही किंचित नाक मुरडतो, हे कबूल केले पाहिजे. ज्या देशातून हा शब्द आला, तेथे नाक मुरडण्याची ही रीत केवळ बोलण्यापुरती नव्हती. तिला दरवाजे होते, जिने होते, छापील नियम होते.

कॉम्प्टन यांचा जन्म २३ मे १९१८ रोजी लंडनच्या वायव्येस असलेल्या हेंडन येथे झाला. घरची स्थिती साधी, कष्टकऱ्याची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पंधराव्या वर्षी हा पोरगा लॉर्ड्स मैदानाच्या नोकरवर्गात दाखल झाला. खेळपट्टीवर रूळ ओढावयाचा, सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांत हिंडून धावफलकाची छापील पत्रके विकावयाची, सभासदांना सराव हवा असेल तेव्हा त्यांच्यापुढे चेंडू टाकावयाचे आणि उरल्या वेळात स्वतः शिकावयाचे, असा तो उमेदवारीचा क्रम. हिवाळ्यात क्रिकेटचा पगार बंद होई. तेव्हा आर्सेनल क्लबाचा फुटबॉल. १९३६ साली मिडलसेक्स परगण्याच्या संघात त्यांना प्रथम स्थान मिळाले ते अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाचे. त्याच मोसमात त्यांच्या हजारावर धावा झाल्या. पुढील वर्षी ते इंग्लंडकडून खेळले आणि १९३८ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध नॉटिंगहॅमला शतक काढले तेव्हा त्यांचे वय वीस वर्षे आणि काही दिवस एवढेच होते. इंग्लंडतर्फे इतक्या लहान वयात कसोटी शतक तोवर कोणी केले नव्हते.

एवढे करूनही लॉर्ड्सवर त्यांचा दरवाजा निराळा होता. हौशी खेळाडू, म्हणजे ज्यांना खेळाबद्दल वेतन मिळत नसे ते ‘जंटलमन’, एका दालनात कपडे बदलीत. पगारी खेळाडू दुसऱ्या दालनात. मैदानावर उतरण्याच्या वाटाही पुष्कळ ठिकाणी वेगळ्या असत. पगारी खेळाडूने हौशी कप्तानास ‘मिस्टर’ म्हणावयाचे आणि कप्तानाने त्यास नुसत्या आडनावाने हाक मारावयाची. धावफलकाच्या पत्रकात हौशी गृहस्थांची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापली जात, पगारी खेळाडूंची आडनावाच्या मागे. फ्रेड टिटमस या तरुण पगारी खेळाडूचे नाव एकदा चुकून हौशी पद्धतीने छापले गेले, तेव्हा लॉर्ड्सच्या ध्वनिक्षेपकावरून गंभीर आवाजात ती ‘दुरुस्ती’ जाहीर करण्यात आली, असे सांगतात. आज आपल्याला याचे हसू येते. ज्याच्या नावाची दुरुस्ती झाली त्याला त्या क्षणी हसू आले असेल काय, हा प्रश्न वेगळा.

क्रिकेटच असे होते असे नव्हे. गोल्फच्या खेळात तर हा भेद अधिकच उघडा होता. जॉन हेन्री टेलर हा डेव्हनमधील गरिबाचा मुलगा, १८७१ सालचा जन्म. श्रीमंतांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहून त्याने गोल्फ पाहिला, मैदानावरील गवत राखण्याचे काम करता करता तो शिकला आणि १८९४ साली त्याने ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. हा मान मिळविणारा तो पहिला इंग्रज धंदेवाईक खेळाडू. पुढे त्याने आणखी चार वेळा ती जिंकली. पण त्या काळी गोल्फ क्लबच्या मुख्य इमारतीत धंदेवाईकास सभासदांबरोबर बसता येत नसे. काठ्या दुरुस्त करण्याची झोपडीवजा खोली हेच त्याचे दुकान आणि तीच त्याची बैठक. १९०१ साली टेलर व त्याच्या सहव्यवसायिकांनी आपली संघटना उभारली, ती या अनुभवातून.

अशा व्यवस्थेत वाढलेला एक तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात महूस येऊन पोहोचला. महू ही १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर वसलेली इंग्रजांची छावणी. तिच्या सभोवार मात्र मराठ्यांचे माळवे पसरलेले होते. इंदूरास होळकर, पश्चिमेस सुमारे चाळीस मैलांवर धारचे पवार, ईशान्येस वीस-बावीस मैलांवर देवासचे पवार, आणि तेही एक नव्हे तर दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदत होत्या आणि गावातील रस्त्यांची वाटणीही दोघांत झालेली होती. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता आणि या दोन दरबारांच्या गमतीजमती त्याने पुढे पुस्तकरूपाने जगापुढे मांडल्या. त्या वाचून युरोपातील वाचक हसले. पण याच लहानमोठ्या दरबारांनी गवई पोसले, मल्ल पोसले, आणि विसाव्या शतकात क्रिकेटपटूही पोसले, हा भाग त्या हास्यात झाकला गेला.

दरबारने खेळाडू पोसावयाचा म्हणजे काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९२३ साली होळकर दरबारच्या बोलावण्यावरून नागपूरचे एक उंचेपुरे तरुण गृहस्थ इंदूरास आले. त्यांचे नाव कोट्टारी कनकैया नायडू. सारा हिंदुस्थान पुढे त्यांना ‘सी. के.’ या दोन अक्षरांनी ओळखू लागला. होळकरांच्या फौजेत त्यांना हुद्दा मिळाला; कॅप्टन, मग मेजर, अखेर कर्नल. कर्नलसाहेबांनी पलटण किती चालविली असेल ती असो, इंदूरच्या मैदानावर त्यांची शिस्त मात्र खऱ्या कर्नलाची होती. दुखापतीची सबब ते स्वतःस लावून घेत नसत आणि दुसऱ्यासही लावू देत नसत. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या व त्यात अकरा षटकार मारले. त्या खेळीने हिंदुस्थानास कसोटी सामन्यांचे दार उघडले असे म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. १९३२ साली लॉर्ड्सवर हिंदुस्थानने पहिला कसोटी सामना खेळला, त्याचे कप्तान नायडूच होते.

हा मनुष्य धंदेवाईक होता की हौशी? इंग्लंडच्या मोजपट्टीने पाहिले तर उत्तर देणे कठीण आहे. क्रिकेट हेच त्यांचे जीवितकार्य होते आणि क्रिकेटमुळेच त्यांना दरबारची नोकरी लाभली होती. पण त्यांना कोणी ‘नायडू’ अशी एकेरी हाक मारून मागच्या दाराने आत घेतले नाही. पगार होताच; परंतु तो गणवेशाच्या आत होता. इंग्लंडात खेळाडूची मजुरी उघडपणे मोजली जाई आणि मान राखून ठेवला जाई. माळव्यात मान उघडपणे दिला जाई आणि मजुरी त्या मानाच्या पोटात दडविली जाई. दोन्हीकडे खेळणाऱ्याच्या चुलीवरचा तवा दुसऱ्याच्या मर्जीवर तापत होता. पण दुपारी जेवावयास बसताना आपले पान कोठे मांडले जाते, याने मनुष्याच्या मनात फार मोठा फरक पडतो.

देवासकडे वळले म्हणजे याच रीतीचे दुसरे, आणि मराठी माणसाला अधिक जवळचे, उदाहरण भेटते. सांगलीस ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेले विजय सॅम्युएल हजारे हे अबोल, भिडस्त, कसलाही डामडौल नसलेले गृहस्थ. त्यांच्यातील फलंदाज ओळखून त्यास आश्रय देणाऱ्यांत देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार हे प्रमुख होते. १९३७ साली विक्रमसिंहराव गादीवर आले, तेव्हा थोरल्या पातीची तिजोरी कर्जाने पोखरलेली होती. वडील तुकोजीराव तर राज्य सोडून पाँडिचेरीस गेले होते आणि तेथेच वारले. अशा दरबारानेही खेळाडूस हात दिला, याचे कौतुक करावे की आश्चर्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. याच काळात ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट संस्थानिकांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आले होते आणि हजारे यांना त्यांची तालीम लाभली. हजारे यांचा पवित्रा जरा अवघडल्यासारखा दिसे. बॅट दोन्ही पायांच्या मध्ये धरून ते उभे राहत. ग्रिमेट यांनी त्यास हात लावला नाही, आहे तसेच राहू दे म्हणाले. शहाण्या गुरूचे हेही एक लक्षण असते. हजारे त्या वर्षांत मध्य हिंदुस्थानच्या संघातून खेळले, ज्या संघात नायडू आणि इंदूरचे मुश्ताक अली हेही होते. १९४१ नंतर त्याच संघाची जागा ‘होळकर’ या नावाने घेतली. हजारे तोवर माळवा सोडून बडोद्यास गायकवाडांच्या पदरी गेले होते.

तेव्हा महूचा सार्जंट-मेजर होळकर संघात आला, तेव्हा त्यास भेटले ते हे जग. कप्तान कर्नल नायडू, वय एकोणपन्नास. अजून फलंदाजीस येत आणि अजून सर्वांच्या आधी मैदानावर हजर असत. सलामीला मुश्ताक अली, ज्यांना नायडूंनी इंदूरच्या गल्लीतून पोरवयात उचलले होते आणि ज्यांनी १९३६ साली मँचेस्टरला शतक करून परदेशात कसोटी शतक काढणारा पहिला भारतीय हा मान मिळविला होता. शिवाय चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड. मराठी, तेलुगू, उर्दू आणि माळवी बोलणाऱ्या या मंडळींत लंडनच्या हेंडनचा एक पोरगा मिसळला. लष्करी दर्जाने पाहिले तर सार्जंट-मेजरने कर्नलास सलाम ठोकावयाचा. पण एकदा मैदानात उतरल्यावर ही दोन्ही माणसे एकाच जातीची होती, खेळ हाच ज्यांचा पेशा आहे अशा माणसांची.

ब्रेबोर्नवरील त्या सामन्याचे आणखी काही आकडे सांगण्यासारखे आहेत, कारण त्यांवरून या पेशातील श्रमांची कल्पना येते. सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले! मार्चमधील मुंबईच्या उकाड्यात १५२ षटके आणि वर पाच चेंडू. त्यांना अकरा बळी मिळाले आणि त्यांच्या गोलंदाजीवर ४२८ धावा झाल्या. एका प्रथम श्रेणीच्या सामन्यात इतके चेंडू कोणीही टाकलेले नाहीत आणि इतक्या धावाही कोणी दिलेल्या नाहीत. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली, १०९ आणि १३९. एवढे सगळे करून सामना हरला.

याच सामन्याची एक गोष्ट कॉम्प्टन पुढे जन्मभर रंगवून सांगत. एका धनिक व्यापाऱ्याने म्हणे त्यांना वचन दिले होते की, शंभराच्या पुढे जितक्या धावा काढाल, तितके पन्नास-पन्नास रुपये देईन. कॉम्प्टन यांनी २४९ धावा काढल्या, म्हणजे वरच्या धावा १४९ आणि हिशेबाने रक्कम झाली ७,४५० रुपये. १९४५ सालच्या सार्जंट-मेजरच्या दृष्टीने ती मोठीच. सामना संपल्यावर कॉम्प्टन तंबूत परतले तेव्हा तेथे एक चिठ्ठी होती: अत्यंत निकडीच्या कामासाठी कलकत्त्यास जावे लागत आहे, क्षमस्व. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण गोष्ट खोटी असली तरी तिच्या आत एक खरी नस आहे. पगारी खेळाडूचे उत्पन्न असेच होते. परगण्याने दिलेला ठराविक तनखा आणि त्यावर कोणाची खुशी झाली तर बक्षीस. दरबार असो वा व्यापारी, देणारा निघून गेला की दाद मागावयास जागा नाही.

आणि दरबारच्या औदार्याची चर्चा करताना ते औदार्य कोणाच्या पैशाने चाले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. धार काय, देवास काय, इंदूर काय, तेथील तिजोरीत येणारा मोठा पैसा माळव्याच्या काळ्या जमिनीतून, शेतकऱ्याच्या साऱ्यातून येत होता. शिवाय हुद्दा आणि गणवेश सर्वांच्या वाट्यास येत नव्हता. पाळवणकर बाळू यांची कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. चांभार समाजातील हा मुलगा १८९२ च्या सुमारास पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर लागला, त्याने खेळपट्टी लोटली, जाळ्या बांधल्या, साहेबांपुढे तासन् तास चेंडू टाकले. पण फलंदाजीची बॅट काही त्याच्या हाती कोणी दिली नाही. पुढे १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेणारा गोलंदाज तोच. लॉर्ड्सचा रूळ ओढणारा कॉम्प्टन आणि पुण्याचा रूळ ओढणारा बाळू यांत साम्य आहे खरे. पण कॉम्प्टन यांस निराळा दरवाजा होता, बाळूंना तर मध्यंतरात चहासुद्धा बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. साम्य दाखविताना हे अंतर पुसून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

युद्ध संपले. कॉम्प्टन मायदेशी परतले आणि १९४६ च्या उन्हाळ्यात हिंदी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला. ओव्हल मैदानावरील कसोटीत मर्चंट आणि मुश्ताक अली सलामीला उतरले, म्हणजे सतराच महिन्यांपूर्वी ब्रेबोर्नवर समोरासमोर उभे असलेले दोघे आता एका बाजूला होते आणि होळकरांचा जुना सोबती कॉम्प्टन प्रतिपक्षात. मर्चंट यांच्या १२८ धावा झाल्या असता एक चोरटी धाव घेण्याचा प्रयत्न झाला. कॉम्प्टन चेंडूकडे धावले. वाकून उचलण्यास वेळ नव्हता, तेव्हा आर्सेनलच्या या खेळाडूने तो पायाने असा लाथाडला की थेट यष्ट्यांवर जाऊन आदळला. मर्चंट धावबाद! क्रिकेटच्या पगाराने न पोसणाऱ्या मनुष्याने हिवाळ्यात जो दुसरा धंदा केला होता, तो असा उपयोगी पडला. त्याच दौऱ्यात ओव्हलवरच सरे परगण्याविरुद्ध आपल्या सरवटे यांनी बॅनर्जींच्या जोडीने अखेरच्या गड्यासाठी २४९ धावांची भागी केली आणि दोघांचीही शतके झाली.

१९४७ चे वर्ष कॉम्प्टन यांचे. त्या एका मोसमात त्यांनी ३,८१६ धावा आणि अठरा शतके काढली. रेशनवर जगणाऱ्या, बाँबने उद्ध्वस्त झालेल्या लंडनला त्यांच्या फलंदाजीने हसविले, असे तेव्हाचे लोक लिहून गेले आहेत. केसांना लावावयाच्या ब्रिलक्रीम या प्रसाधनाच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा घरोघर पोहोचला. त्यांची पत्रे न उघडता सूटकेसमध्ये कोंबलेली सापडली व त्यांत पैशाच्या मोठमोठ्या मागण्या आलेल्या होत्या. तेव्हापासून एका गृहस्थाने त्यांचा व्यवहार पाहण्यास सुरुवात केली. खेळाडूचा मुनीम ही नवी जात अशी जन्मास आली. तथापि जाहिरातीचा हा मार्ग होळकरांच्या कर्नलास अपरिचित नव्हता. नायडूंनी १९४१ सालीच बाथगेट कंपनीच्या यकृतावरील औषधास आपले नाव दिले होते. दरबारचा मान असलेल्या माणसासही दरबाराबाहेर चार पैसे मिळवावेसे वाटले, यात लाजण्यासारखे काही नाही.

इकडे माळव्यात मोठे स्थित्यंतर होत होते. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघराज्याचे उद्घाटन झाले आणि इंदूर, धार, देवासच्या दोन्ही पात्या ही सारी राज्ये त्यात विलीन झाली. हजारे यांचे जुने आश्रयदाते विक्रमसिंहराव तर त्याआधीच, १९४७ साली, कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन छत्रपती शहाजी झाले होते. राज्य गेले तरी होळकर हे नाव क्रिकेटमध्ये काही वर्षे टिकले. तो संघ होताही असा की नाव पुसण्याचे धाडस कोणी करू नये. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्यांनी आठ बाद ९१२ धावा केल्या आणि त्यांत सहा शतके होती. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह यांची. १९४४-४५ पासूनच्या अकरा मोसमांत दहा वेळा होळकर संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि त्यांतील चार वेळा करंडक जिंकला. १९५५ साली मद्रासकडून अंतिम सामना अवघ्या काही धावांनी हरला आणि त्यानंतर होळकर हे नाव स्पर्धेच्या पत्रिकेतून नाहीसे झाले.

नाव गेले ते गेले, माणसांचे काय? दरबारी हुद्द्याला निवृत्तिवेतनाचा कागद असतो, पण खेळाडू म्हणून असलेल्या मर्जीला नसतो. सरवटे यांनी बोटांच्या ठशांच्या शास्त्रात प्रावीण्य मिळविले होते, त्याचा त्यांना आधार झाला. नायडू तर साठी उलटल्यावर, १९५६-५७ मध्ये, उत्तर प्रदेशाच्या संघाचे कप्तान होऊन रणजी सामन्यात उतरले आणि राजस्थानविरुद्ध ८४ धावा काढून आले. लोकांनी त्याला जिद्द म्हटले आणि ती होतीच. परंतु ज्याने सारे आयुष्य एकाच कामात घातले, त्याला ते काम सोडून दुसरे काय करावयाचे असते, हेही त्यात होते.

हजारे यांनी बडोद्यात बस्तान बसविले. १९४७ च्या मार्चमध्ये त्यांनी आणि गुल महंमद यांनी अंतिम सामन्यात होळकरांविरुद्धच चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा केल्या होत्या. म्हणजे देवासचे ऋण त्यांनी माळव्याला असे फेडले असे गमतीने म्हणता येईल. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५. पुढे लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या गावांतून शनिवारी चालणाऱ्या लीग सामन्यांत ते उघडउघड पगारी खेळाडू म्हणूनही खेळले. तेथे ना दरबार, ना गणवेश. करार आणि आठवड्याचे वेतन. विनू मंकड यांनीही तोच मार्ग धरला होता. १९५२ साली हिंदी संघ इंग्लंडास निघाला, तेव्हा संघातील जागेची हमी मिळेना म्हणून मंकड हॅसलिंग्डन क्लबाच्या नोकरीवर गेले. पहिली कसोटी हरल्यावर मंडळास त्यांची आठवण झाली, क्लबाकडे रदबदली करून त्यांना लॉर्ड्सच्या कसोटीसाठी आणले, आणि त्यांनी ७२ व १८४ धावा काढून शिवाय पाच गडी बाद केले. धंदेवाईकाला नाकारणाऱ्या मंडळास याहून चोख उत्तर बॅटने देता येत नाही.

परंतु त्या मालिकेतील अधिक मोलाची घटना तिच्या पहिल्याच सकाळी घडली होती आणि तिच्याकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जून १९५२ मध्ये लीड्सला नाणेफेकीसाठी दोन कप्तान चालत गेले. हिंदुस्थानचे विजय हजारे आणि इंग्लंडचे लेन हटन. हटन हे यॉर्कशायरचे पगारी खेळाडू. विसाव्या शतकात इंग्लंडने कप्तान म्हणून नेमलेला पहिला धंदेवाईक तोच. लॉर्ड्सच्या वृद्ध मंडळींनी हा निर्णय जड मनाने घेतला होता. हजारे यांची नेमणूक त्यांच्या कोणत्याही वर्गीकरणात न बसणारी. देवासच्या आणि बडोद्याच्या आश्रयाने वाढलेला, लँकेशायरमध्ये वेतन घेऊन खेळलेला हा सांगलीचा माणूस चार महिन्यांपूर्वीच, फेब्रुवारीत मद्रासला, हिंदुस्थानास पहिला कसोटी विजय मिळवून देऊन आला होता. लीड्सच्या दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी आपले चार गडी बाद झाले, ते सर्वांच्या लक्षात राहिले. तो डाव थोडाफार सावरणारे हजारे यांचे अर्धशतक मात्र विसरले गेले.

कॉम्प्टन त्या मालिकेत खेळले, पण गुडघ्याचे दुखणे बळावले होते. फुटबॉलने दिलेली ती जुनी देणगी. १९५० साली आर्सेनलबरोबर एफ. ए. कप जिंकून त्यांनी फुटबॉल सोडला. १९५५ साली शस्त्रक्रिया करून गुडघ्याची वाटीच काढावी लागली. तरीही पुढील वर्षी ते ऑस्ट्रेलियाविरुद्ध ओव्हलवर उतरले व ९४ धावा काढून गेले. एकंदर ७८ कसोटी सामन्यांत ५,८०७ धावा आणि सतरा शतके. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १२३ शतके. १९४९ साली परगण्याने त्यांच्या मदतीसाठी जो सामना भरविला, त्यातून बारा हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. पगारी खेळाडूच्या वृद्धापकाळाची तरतूद तेव्हा अशीच, प्रेक्षकांच्या प्रेमावर आणि त्या दिवशीच्या हवेवर अवलंबून असे. पाऊस आला असता तर!

१९५७ च्या मोसमाअखेर कॉम्प्टन यांनी धंदेवाईक क्रिकेट सोडले. हौशी आणि धंदेवाईक हा भेद इंग्लंडने कायमचा रद्द करण्यास अद्याप पाच वर्षे होती. तो निर्णय १९६२ च्या अखेरीस झाला आणि १९६३ पासून सर्वजण नुसते क्रिकेटपटू म्हणून ओळखले जाऊ लागले. मधल्या काळात, १९५८ च्या उन्हाळ्यात, मिडलसेक्सला गरज पडली तेव्हा कॉम्प्टन पुन्हा एकदोनदा मैदानात उतरले. या खेपेस वेतन घ्यावयाचे नव्हते, म्हणून नियमाप्रमाणे ते हौशी ठरले. आणि पंधराव्या वर्षी ज्या मैदानावर त्यांनी दुसऱ्यांच्या नावांची पत्रके विकली होती, तेथील रीतीनुसार त्यांची डी., सी., एस. ही तीन आद्याक्षरे आता आडनावाच्या आधी छापण्यास हरकत उरली नव्हती.